मला बाई म्हणायचं

अमेरिकेत ॲन आर्बरला पोचलो त्या दिवशी माझ्या दोन बॅगांपैकी एक विमानतळावर आलीच नव्हती. अंगावर होतं तेवढ्यानिशी मी घरमालकिणीची बेल वाजवली. दार उघडलं तशी मी वाकून म्हटलं, "नमस्कार काकू."

"मी तुझ्या कुठल्या काकाची बायको?"

मी नागपूरचा. आमच्याकडे समोरच्या बाईला काकू म्हटलं नाही तर पोराला वळण नाही म्हणतात. घाईघाईने "सॉरी, मावशी" म्हटलं, तर त्यांनी माझ्या आईचं माहेरचं नाव विचारलं आणि "नाही, माझी बहीण नव्हे ती" असा निकाल दिला. त्या डॉक्टर आहेत हे मला माहीत होतं, म्हणून तेही म्हणून पाहिलं. "ते रिटायर झालं," त्या म्हणाल्या. मग माझी दया आली असावी. "मला बाई म्हणायचं. बूट तिथे नाही, खालच्या ट्रेमध्ये. जेवलास का?"

पुढची चार वर्षं मी त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहिलो. आता सांता क्लाराला नोकरी करतो, फ्रीमाँटला राहतो, रोज फ्रीवेवर दीड तास घालवतो, आणि त्या दीड तासात अजूनही कधीकधी बाईंशी मनातल्या मनात वाद घालतो. एकदाही जिंकलेलो नाही.

बाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. उंची पाच फुटांच्या आत. घरातसुद्धा लोकरीची टोपी, नवऱ्याचा जुना स्वेटर आणि खाली चक्क नऊवारीच्या जुन्या लुगड्याची शिवलेली पँट. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दाराशी किल्ल्यांच्या खुंटीला स्टेथोस्कोप लटकलेला असायचा. तो माणसांसाठी नव्हता. थंडी सुरू झाली की बाई तो कानाला लावून माझ्या खोलीशेजारच्या, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसपुढे उकिडव्या बसायच्या आणि त्याची छाती तपासायच्या. "डावीकडे घरघर आहे," असं म्हणून एकदा त्यांनी माणूस बोलावला. त्याने तासभर खोलून पाहिलं आणि डावीकडचाच पंखा सैल निघाला. तेव्हापासून फर्नेसबद्दल मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

बाई या शब्दाबद्दल मात्र पहिल्याच आठवड्यात मी विचारलं. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी "बाई म्हणाल्या" असं म्हटलं, तर आई दचकली. "मोलकरीण आहे का तिथं?" तिने विचारलं. मी ते बाईंना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

"बरोबर आहे तुझी आई," त्या म्हणाल्या. "शाळेत शिकवते ती बाई. भांडी घासते ती बाई. दवाखान्यात तपासते ती बाई. आणि पुरुष ज्या गल्लीत मान खाली घालून शिरतात, तिथे दारात उभी असते तीसुद्धा बाई. 'अमक्याला बाईचा नाद आहे' म्हणतात ना, ती. शब्द एकच, आवाज निरनिराळा. मला ज्या आवाजात म्हणशील, तोच बाकीच्यांसाठी ठेव, एवढंच."

मी मान हलवली. स्टॅटिस्टिक्स शिकायला आलेल्या मुलाला या गोष्टीची काय गरज पडणार, असं मला वाटलं होतं.

रविवार हा बाईंचा वार. सकाळी दहा ते बारा त्यांच्या डायनिंग रूममध्ये मराठीची शाळा भरायची. डॉक्टर-इंजिनिअरांची नऊ मुलं, सात ते चौदा वर्षांची. मुलं इंग्रजीत बोलली की बाईंना ऐकू यायचं बंद व्हायचं. एकदा एक मुलगा "बाथरूम, प्लीज, इट्स अर्जंट" म्हणत पाच मिनिटं त्यांच्यापुढे नाचत होता, आणि बाई खिडकीबाहेरच्या खारीकडे बघत होत्या. शेवटी तो ओरडला, "बाई, मला घाई!" तेव्हा त्याला सुट्टी मिळाली आणि वर फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं गेलं. तीस वर्षं त्यांनी ही शाळा चालवली. आधीच्या मुलांची मुलंही आता येत होती.

दुपारी तीन वाजता दुसरी सभा. तिला बाई आख्यान म्हणायच्या. आख्यान म्हणजे टीव्हीवरच्या विज्ञानकथांच्या मालिका, यंत्रमानव आणि परग्रहांच्या. बाईंचे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या चिपळ्या टीव्हीच्या शेजारी ठेवलेल्या असायच्या, घरात देव म्हणून तेवढंच. गळ्यात नवऱ्याचा मफलर उपरण्यासारखा टाकून बाई टीव्हीच्या बाजूला उभ्या राहायच्या, हातात रिमोट. मनात आलं की चित्र थांबवायचं आणि निरूपण सुरू. चहाच्या आधीचा भाग पूर्वरंग, नंतरचा उत्तररंग. मालिकेचा भाग चाळीस मिनिटांचा, आख्यान तीन तासांचं. उठून जायची कोणाची टाप नव्हती, कारण डिंकाचे लाडू शेवटी मिळत.

त्यांची लाडकी मालिका एका जहाजाची होती. एक प्रचंड जहाज अंतराळात निघालेलं, पोचायला दोनशे वर्षं. निघालेली माणसं कधीच मेलेली, पोचणारी अजून जन्मायची. मधल्या पिढीला घर आठवत नाही आणि मुक्कामही दिसणार नाही. खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी इंजिनाच्या घरघरीलाच देव मानलेलं. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर त्यांना हसतात. आणि एक यंत्रमानव आहे, जो रोज काम संपल्यावर प्रार्थनेच्या खोलीत येऊन सगळ्यांच्या मागे बसतो.

बाईंनी तिथे चित्र थांबवलं. "हा रडतोय का? नाही, याला डोळ्यांत पाणी नाही. मागतोय का काही? याला भूक नाही, मरण नाही. मग हा इथे काय करतोय, सांग."

"बाई, प्रोग्रॅममध्ये बग आहे," मी म्हटलं.

बाईंनी मफलर सावरला. "भक्तीची इतकी चांगली व्याख्या माझ्या वडिलांनासुद्धा सुचली नसती," त्या म्हणाल्या आणि मला एक लाडू आधीच दिला. त्यांनी थट्टा केली की कौतुक, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्या मालिकेचा सगळा संच त्यांच्याकडे होता, फक्त शेवटच्या डिस्कचं प्लॅस्टिक त्यांनी कधी फोडलं नव्हतं. जहाज पोचलं की नाही ते बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "आपण मधल्या पिढीतले," त्या म्हणायच्या. "आपल्याला कोण सांगणार आहे?" बाई तुमचा देवावर विश्वास आहे का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी त्या डिस्ककडे बोट दाखवलं.

आख्यानाला मी कायमचा श्रोता. दुसरी डार्लीन. ही पंचेचाळिशीची अमेरिकन बाई, मोठ्या आवाजाची, डाव्या मनगटात किंचित वाकडी. बुधवारी बाई एका मोफत दवाखान्यात मदतीला जायच्या, तिथे त्यांची ओळख झाली होती. डार्लीन आता एका बेकरीत पहाटेची पाळी करायची, पण त्याआधीची बारा-तेरा वर्षं तिने रस्त्यावर धंदा केला होता. हे तिने मला पहिल्याच रविवारी सांगून टाकलं, मी लाडूचा घास घेत असताना. माझे कान गरम झाले. बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "आवाज." मी तोंडातला घास गिळला आणि डार्लीनला तिच्या बेकरीबद्दल विचारलं.

मग तो भाग आला. जहाजाच्या सातव्या मजल्यावर एक बाई असते. जहाजाच्या कायद्याने तिचा व्यवसाय मान्य केलेला, गळ्यात पितळी बिल्ला, दर महिन्याला डॉक्टरची तपासणी, सगळं रीतसर. एके दिवशी ती प्रार्थनेच्या खोलीशी येते आणि दारावरचा माणूस तिला आत सोडत नाही. बिल्ला आहे ना तुला, मग इथे काय काम, असं म्हणतो. आत शेवटच्या रांगेत यंत्रमानव बसलेला दिसतो.

बाईंनी थांबवलं. "यंत्र आत, बाई बाहेर," त्या म्हणाल्या. "कायदा झाला, बिल्ला मिळाला. मग हिला दारात उभं राहावं का लागतंय? बोला."

मी वर्गात दोन शोधनिबंध वाचले होते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. मी म्हटलं, "बाई, लीगलाइज करणंच बरोबर. रेग्युलेट करा, चेकअप कंपल्सरी करा, बायका सेफ राहतात."

"चेकअप कोणासाठी?" बाईंनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा खालचा होता.

"त्यांच्यासाठीच ना."

"गिऱ्हाइकांची कोण तपासणी करतं?"

डार्लीनला कळावं म्हणून बाई नेहमीसारख्या इंग्रजीवर आल्या. पकडून तुरुंगात टाकणं हा गाढवपणा, पण सरकारने शिक्का मारून देणं त्यांना पटत नव्हतं. सरकारने म्हणायचं की हे शरीर वापरायला ठीक आहे, हे त्यांना ऐकवत नव्हतं.

डार्लीनने लाडू बशीत ठेवला. "मला चालला असता तो बिल्ला," ती म्हणाली. एकदा एका माणसाने तिचं मनगट मोडलं. तिने पोलिसांना फोन केला नाही, कारण आले असते तर तिलाच घेऊन गेले असते. हाड बसवायला ती चार दिवसांनी गेली आणि ते असं बसलं. तिने हात पुढे करून दाखवला.

"आणि बिल्ला एकदा गळ्यात आल्यावर काढता आला असता?" बाईंनी विचारलं.

डार्लीनने विचार केला. "नसता बहुतेक," ती म्हणाली. "पण मनगट सरळ राहिलं असतं."

बाईंनी रिमोट खाली ठेवला. त्यांना उत्तर सापडलं नाही असं त्या चार वर्षांत मी तेवढ्याच वेळी पाहिलं. त्यांनी ते लपवलंही नाही. उत्तररंग त्या दिवशी झालाच नाही. मला लहानपणापासून मोठी माणसं हरताना चिडलेली दिसली होती. हरून गप्प बसणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांच्याबद्दल एकदम फार आदर वाटला.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या एका लहान शहरात सुनावणी ठेवली होती. या बायकांवरचे खटले थांबवावेत का, आणि राज्याकडे परवान्यांची मागणी करावी का, असा विषय. बोलायला कोणीही यावं, प्रत्येकाला तीन मिनिटं. दवाखान्यातल्या लोकांनी बाईंचं नाव दिलं. मी गाडी चालवायला, डार्लीन सोबतीला.

गाडीत बाई म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर वर यायचं. मी मराठीत बोलणार, तू इंग्रजीत सांगायचं."

"बाई, तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा भारी आहे."

"आहे. पण मला जे सांगायचंय ते मराठीत घडलं. इंग्रजीत सांगितलं तर ते दुसऱ्या कोणाचं तरी होईल."

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, मागच्या रांगेत ओळखीच्या एक काकूही दिसल्या. त्यांची मुलगी ईशा बाईंच्या शाळेत होती. बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या टोपी घालूनच माइकपुढे गेल्या. त्यांच्यापुढचं घड्याळ सुरू झालं आणि बाई बोलायला लागल्या, एक वाक्य त्यांचं, एक माझं.

त्या चोवीस वर्षांच्या असताना मिरजेकडे एका सरकारी दवाखान्यात नोकरीला होत्या. दर मंगळवारी गल्लीतल्या बायकांना तपासणीला आणायचे. बाईंनी तपासायचं आणि कागदावर 'निरोगी' लिहून सही करायची. एका मंगळवारी त्यांनी एकीला नाव विचारलं. ती म्हणाली, बाई. बाईंनी पुन्हा विचारलं, अगं नाव काय? त्यावर ती बाई जे बोलली ते बाईंनी तिच्याच बोलीत सांगितलं:

"म्या बी बाई, तुमी बी बाई. सही तुमची, अंग माजं, आन् निरोगी ऱ्हानार त्यो." असं म्हणून तिने दाराबाहेर विडी ओढत उभ्या असलेल्या माणसाकडे मान वळवली.

आता हे इंग्रजीत सांगायचं होतं. बाई या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात? मी अठरा वर्षं नागपूरच्या शाळा-कॉलेजात काढली होती. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना, दवाखान्यातल्या बाईंना, बँकेतल्या बाईंना आम्ही एकच म्हणतो. इथेही अध्यक्ष म्हणून बसलेल्या बाईंना मी तेच म्हणत होतो. मी छातीठोकपणे भाषांतर केलं: आय ॲम अ मॅडम, अँड यू आर अ मॅडम टू.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. अध्यक्षबाईंचं पेन थांबलं. मी पुढे सांगत गेलो, सही तुमची, शरीर माझं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, अगदी क्षणभर, आणि मग पुढचं वाक्य सांगितलं. "मी सही केली. पुढच्या मंगळवारी ती आली नाही, आणि मी कोणालाही विचारलं नाही. कायदा कसा करावा ते मला ठाऊक नाही. तुम्ही कराल तेव्हा त्या कागदावर सही कोण करणार, आणि निरोगी कोण राहणार, एवढं बघा." तिथे घंटा वाजली.

आम्ही खाली उतरलो. मागच्या भिंतीशी टेकून उभी असलेली एक बाई पुढे आली. साठीची असेल, चेहरा रापलेला. तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की तुमच्यासारखी, शिकलेली, वयाची बाई चारचौघांत उभी राहून मी तुमच्यातली म्हणाली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिचे डोळे भरले होते. बाईंनी हात सोडवले नाहीत.

मला काही कळेना. पार्किंग लॉटमध्ये डार्लीन गाडीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. "हनी," तिने मला विचारलं, "मॅडम म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

मग तिने सांगितलं. या देशात मॅडम म्हणजे कुंटणखाना चालवणारी. मी पन्नास माणसांपुढे, माइकवरून, बाईंना कुंटणखान्याची मालकीण करून आलो होतो. पायाखालचा बर्फ फुटून मला आत घेईल तर बरं, असं मला झालं.

घरी जाताना मी रडकुंडीला आलो होतो. "बाई, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पन्नास वर्षं इथे आहे मी."

"मग मला थांबवलं का नाही?"

"तीन मिनिटं होती," बाई म्हणाल्या. "त्यातलं अर्धं मिनिट मी तसली नव्हे हे सांगण्यात घालवू?"

घराजवळच्या वळणावर त्याच म्हणाल्या, "आणि तू फारसं चुकला नाहीस. कुंटणखान्याची घरवाली तरी वेगळं काय करते? माल ठीक आहे म्हणून गिऱ्हाइकाला सांगते. मी तेच लिहून देत होते, सरकारी शाईने. पन्नास वर्षं त्यासाठी मला नीट शब्द मिळत नव्हता. तुझ्या तोंडून निघाला."

असं स्वतःबद्दल बोलताना त्यांचा आवाज साधा होता, फर्नेसबद्दल बोलायच्या तसा.

सुनावणीचा व्हिडिओ दोन दिवसांत मराठी पालकांच्या ग्रुपवर पोचला. पुढच्या रविवारी नऊपैकी चार मुलं आली. त्याच्या पुढच्या रविवारी एक. दुपारी ईशाचे वडील आले, भला माणूस, बाईंकडेच लहानपणी बाराखडी शिकलेला. बूट ट्रेमध्ये ठेवून बसले.

"बाई, आम्हाला माहितेय ओ, ट्रान्सलेशनची मिस्टेक आहे. तुम्ही फक्त ग्रुपवर एक लाइन टाका. इश्यू क्लोज होईल. आम्ही सगळे तुमच्याच बाजूने आहोत."

"काय लिहू?"

"हेच, की तुम्ही तशा नव्हता."

"तशा म्हणजे कशा?" बाईंनी विचारलं. डार्लीन स्वयंपाकघरात चहा गाळत होती, कपांचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "ती बाई त्या दिवशी माझे हात धरून गेली. तिने ती ओळ वाचली तर तिला काय वाटेल, सांग. तू माझा विद्यार्थी आहेस, तुला मराठी येतं. अशी ओळ करून दे की जिच्यात मी सुटेन आणि ती अडकणार नाही. मी आत्ता टाकते."

त्यांनी खरंच विचार केला. चहा निवेपर्यंत बसले. मग उठून बाईंच्या पाया पडले आणि गेले. ईशा मात्र त्यानंतर आली नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी लिहितो. बाई म्हणाल्या, "लिहिलंस तर खोली सोडायची." त्या गंमत करत नव्हत्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला बाई नऊ खुर्च्या मांडायच्या. फळ्यावर तारीख, वार, खाली एक सुविचार. बारा वाजता फळा पुसायचा, खुर्च्या आत. मी एकदा जिन्यावरून बघितलं, त्या एका छोट्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या. तीस वर्षांची शाळा होती ती. माझ्या एका शब्दाने गेली, आणि परत मिळवायला त्यांना एक ओळ पुरली असती. त्यांनी ती लिहिली नाही. मला तेव्हा त्यांचा रागही आला होता, हे खोटं का सांगू.

पाचव्या-सहाव्या रविवारी डार्लीन पाळी संपवून थेट आली, पिठाने भरलेल्या हातांनी, आणि त्या छोट्या खुर्चीत कशीबशी मावून बसली. बाईंनी तिला फळ्यावर पहिला शब्द लिहून दिला. काना, मात्रा, वेलांटी तिला महिनाभर छळत राहिल्या. ती इंग्रजीत बोलली की बाईंना तिचंही ऐकू येईनासं झालं.

माझं तिथलं शेवटचं वर्ष. एप्रिलमधला रविवार, दुपारचे तीन. दाराबाहेर एक गाडी चारदा पुढे-मागे होऊन एकदाची उभी राहिली. ईशा उतरली. तिला सोळा पूर्ण झाली होती, लायसन्स आदल्याच आठवड्यात मिळालं होतं. घरी सांगून आलीस का, असं बाईंनी विचारलं नाही. ती दारातच थांबली, बूट न काढता.

"बाई, कॅन आय आस्क यू समथिंग? वेअर यू रिअली..."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ईशा अडखळली. दोन वर्षं मराठीला हात लागला नव्हता. तिला विचारायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, आणि त्याला तिच्याजवळ मराठी शब्द एकच होता. तोच तिने घेतला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही खरंच बाई होता?"

बाई वळल्या. "होते," त्या म्हणाल्या. "आहे. बूट ट्रेमध्ये. ये, पूर्वरंग सुरू व्हायचाय."

ईशा आत आली. पुढच्या रविवारी तिच्या गाडीत आणखी दोघं होती.

गेल्या महिन्यात डार्लीनचा फोन आला. बाईंच्या शेवटच्या दोन वर्षांत तीच त्यांच्याजवळ राहत होती. सकाळी दहाच्या सुमारास, खुर्च्या मांडून झाल्यावर, बाई गेल्या. सगळं तिने नीट सांगितलं. शेवटच्या डिस्कचं प्लॅस्टिक तसंच आहे, तेही सांगितलं. मग म्हणाली की अंत्यविधीवाल्यांच्या ऑफिसात बसले आहे, एक फॉर्म आहे, नावाच्या आधी काय लावायचं त्याची जागा आहे. मिस, मिसेस, डॉक्टर, असे पर्याय आहेत.

मी फ्रीवेवर होतो. गाडी कडेला घेतली. त्या हॉलमधल्या माइकसमोर उभा राहिल्यासारखं मला पुन्हा झालं, आणि पुन्हा इंग्रजीतला एकही शब्द पुरेना. मी म्हटलं, "डार्लीन, थांब, मला जरा विचार करू दे."

"विचार कसला करायचा?" ती मराठीत म्हणाली. "मी 'बाई' लिहिलंय. त्या माणसाने विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितलं, अर्थ नसतो, आवाज असतो. मी फक्त स्पेलिंग विचारायला फोन केलाय."

मी स्पेलिंग सांगितलं. तीनच अक्षरं होती, पण मला दोनदा सांगावी लागली.